पेट्रोलचा जमाखर्च आणि बचतीची उपकरणे

प्रवासी रेल्वे ज्या गावापर्यंत अद्याप पोचलेली नाही आणि ज्याचा सारा व्यवहार रस्ता व समुद्र या दोनच वाटांनी चालतो, त्या अलिबागसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी पेट्रोलचा भाव हा केवळ मोटार बाळगणाऱ्या सधन मंडळींच्या चिंतेचा विषय राहत नाही. चौल-रेवदंड्याहून रोज मोटारसायकलीने कचेरी गाठणारा कारकून, मांडव्याच्या धक्क्यावर उतरलेल्या पाहुण्यांची ने-आण करणारा रिक्षावाला, नागाव-आक्षीच्या वाड्यांतील नारळ-सुपारी बाजारात पोचविणारा बागाईतदार, या सर्वांच्या महिन्याच्या हिशेबात पेट्रोल ही ठळक बाब असते. साहजिकच, गाडीला अमुक एक वस्तू बसवावी आणि ‘ॲव्हरेज’ पंधरा, वीस किंवा तीस टक्क्यांनी वाढवून घ्यावे, अशी जाहिरात वाचली की भल्याभल्यांचे मन तिकडे ओढले जाते. ही ओढ काही अविचाराची म्हणता येत नाही, कारण काटकसर हा सद्गुणच आहे. परंतु ज्या वस्तूवर पैसा खर्चावयाचा ती वस्तू इंजिनाच्या कारभारात नेमका कोठे हात घालते आणि तेथे वाचविण्याजोगे काही शिल्लक आहे की नाही, याची शहानिशा केल्यावाचून केलेला खर्च हा काटकसरीच्या नावाखाली झालेला अपव्ययच ठरतो. ही शहानिशा करण्यास लागणारे ज्ञान फारसे दुर्बोध नाही, आणि ते सर्वसामान्य वाचकाच्या हाती असावे एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

बाजारात या जिनसांचे प्रकार पुष्कळ दिसतात, तरी त्यांची प्रतवारी पाच-सहा वर्गांत सहज करता येते. पहिला वर्ग पेट्रोलच्या नळीवर बांधावयाच्या चुंबकांचा. इंधनाचे रेणू चुंबकामुळे एका ओळीत येतात व अधिक चांगले जळतात, असे त्यांविषयी सांगितले जाते. दुसरा वर्ग इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात जादा हवा सोडणाऱ्या झडपांचा. तिसरा, हवेच्या मार्गात पंख्यासारखी पाती बसवून तिला भोवरा देणाऱ्या चकत्यांचा. चौथा, पेट्रोल आधीच तापवून त्याची संपूर्ण वाफ करणाऱ्या यंत्रांचा. पाचवा, पाण्याची वाफ किंवा पाण्याचे विघटन करून मिळविलेला हायड्रोजन व ऑक्सिजन इंजिनास पुरविणाऱ्या पेट्यांचा. आणि सहावा, गाडीच्या विजेच्या जोडणीत खुपसावयाच्या, दिवा लुकलुकविणाऱ्या छोट्या डब्यांचा. बाह्य रूप भिन्न असले तरी या बहुतेकांच्या पाठीशी एकच गृहीतक उभे असते. ते असे की, इंजिनात गेलेल्या पेट्रोलचा मोठा भाग न जळताच सायलेन्सरवाटे बाहेर पडतो आणि उपकरण तो भाग जाळून दाखविते. म्हणून प्रथम या गृहीतकाचीच तपासणी करणे इष्ट होय.

जर्मन यंत्रविशारद निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन सिद्ध केले, आणि आजची मोटारसायकल काय किंवा मोटार काय, तत्त्वतः त्याच चक्रावर चालते. दट्ट्या खाली जाताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढून घेतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडताच ते पेटून दट्ट्यास खाली ढकलते आणि शेवटच्या धावेत जळका वायू बाहेर टाकला जातो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरामागे जवळजवळ ११ किलो, अर्थात नऊ हजार लिटरांहून अधिक हवा इंजिनाच्या पोटातून जाते. पूर्वी हे प्रमाण राखण्याचे काम कार्बोरेटरकडे असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथला दाब उतरतो व जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते, एवढीच त्याची करामत. आता ते काम फ्युएल इंजेक्शनकडे आले आहे. निकासाच्या नळीत बसविलेला ऑक्सिजन सेन्सर जळक्या वायूत प्राणवायू किती उरला हे सतत कळवितो, आणि त्या वार्तेनुसार संगणक पुढील क्षणांच्या पेट्रोलचे माप कमी-अधिक करतो. मोटारींत ही व्यवस्था २००० च्या सुमारास रुळली. दुचाकींच्या बाबतीत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाल्यावर कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला.

आता एका लिटर पेट्रोलचा जमाखर्च मांडून पाहू. त्यात सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. घरच्या वीजबिलाच्या भाषेत सांगावयाचे तर ही जवळजवळ नऊ युनिटे झाली. त्यांपैकी इंजिनाच्या दांड्यावर प्रत्यक्ष कामाच्या रूपाने मिळतात ती दोन-सव्वादोन युनिटे. सुमारे तीन युनिटे तप्त निकासवायूबरोबर बाहेर जातात, जवळपास तितकीच रेडिएटरच्या पाण्यातून अथवा सिलिंडरच्या पंखांवरून हवेत विरतात, आणि उरलेली दट्ट्याचे घर्षण, हवा ओढण्याचे श्रम, पंप इत्यादींच्या नावे खर्ची पडतात. या जमाखर्चात ‘न जळलेले पेट्रोल’ या सदराखाली किती रक्कम पडते, हा आपला प्रश्न आहे. तापलेल्या व सुस्थितीतील इंजिनात ही रक्कम साधारणपणे दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही, कारण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के इंधन सिलिंडरमध्येच जळून जाते. म्हणजे एखाद्या उपकरणाने उरलेला कणन्‌कण जाळून दाखविला तरी त्याची कमाई दोन-तीन टक्क्यांपुरतीच राहील. तीस टक्क्यांची बचत ज्या कोठारातून काढावयाची ते कोठारच रिकामे आहे. जो मोठा नाश होतो तो उष्णतेचा होतो आणि त्याचे कारण इंधनाचा आळस हे नसून उष्णतेचे काम करून घेण्याच्या पद्धतीला निसर्गनियमाने घातलेली मर्यादा हे आहे. ही मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने मोटारगाडीचा जन्म होण्यापूर्वी, १८२४ मध्येच, तत्त्वतः दाखवून दिली होती.

हा जमाखर्च हाताशी असला की मोठमोठ्या दंतकथांचाही निकाल चटकन लागतो. १९३० च्या दशकात कॅनडातील विनिपेग येथे चार्ल्स नेल्सन पोग या गृहस्थाने पेट्रोलची पूर्ण वाफ करणारा कार्बोरेटर तयार करून त्याचे स्वामित्वहक्क मिळविले. त्यामुळे मोटार एका गॅलनला २०० मैल, म्हणजे लिटरला ७० किलोमीटरहून अधिक धावते, अशी वार्ता जगभर पसरली आणि तेलकंपन्यांनी हा शोध दडपून टाकला ही पुरवणीही तिला पुढे जोडली गेली. परंतु त्या काळची दीड टन वजनाची, उभट बांध्याची मोटार ताशी ५० किलोमीटरच्या बेताच्या वेगाने ७० किलोमीटर नेण्यास केवळ टायरांचा व वाऱ्याचा विरोध मोडण्यासाठीच सात युनिटांहून अधिक ऊर्जा लागते, असा साधा हिशेब निघतो. नऊ युनिटांच्या लिटरातून सात युनिटे चाकांपर्यंत पोचविणारे उष्णतेचे इंजिन अद्याप कोणी बांधलेले नाही, आणि कार्बोरेटर बदलून तर ते बांधता येणेच शक्य नाही. शिवाय तापवून वाफ केलेले पेट्रोल सिलिंडरमध्ये अधिक जागा अडविते, त्यामुळे हवा कमी मावते व जोर घटतो. मिश्रण आधीच गरम असल्याने ते ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेटते आणि इंजिनातून ठोक्यांचा आवाज येऊ लागतो, तो निराळाच. स्वामित्वहक्काचा दस्तऐवज कल्पनेच्या नवेपणाचा दाखला असतो, तिच्या फलप्राप्तीचा नसतो, ही गोष्ट जाहिरातींत त्याचा क्रमांक छापलेला दिसला असता विशेष ध्यानात ठेवावी.

जादा हवा सोडणाऱ्या झडपेची कैफियत थोडी निराळी आहे, कारण तिच्यात एके काळी सत्यांश होता. कार्बोरेटरच्या जमान्यात अनेक गाड्या गरजेपेक्षा अधिक पेट्रोल ओढीत, आणि ते अधिकपण इंजिनाच्या प्लगवर स्पष्ट वाचता येई. गॅरेजातला जुना मिस्त्री प्रथम प्लग खोलून त्याचे टोक उजेडात धरी. टोक बिस्किटी रंगाचे असले तर मिश्रण बरोबर, त्यावर कोरडी काळी काजळी बसली असली तर पेट्रोल जास्त, आणि ते पांढुरके, भाजल्यासारखे दिसले तर हवा जास्त, असा तो निर्णय देई. काजळी धरलेल्या इंजिनास जादा हवा मिळताच काही बचत खरोखर होई. मात्र तेच काम कार्बोरेटरवरचा एअर स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरवून कवडीही न खर्चता होत असे. ज्या गाडीचे मिश्रण मुळात बरोबर होते, तिला ही झडप बसविली की गाडी ‘मिसिंग’ मारू लागे, ज्वाला मंदावे आणि निकासाची झडप तापून खराब होण्याची भीती उत्पन्न होई. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर या झडपेस कामच उरलेले नाही. जादा हवा आत आली की ऑक्सिजन सेन्सर ते तत्काळ हेरतो आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोल वाढवून पूर्वस्थिती आणून ठेवतो. सेन्सरला चकविणारी युक्ती कोणी केलीच, तर विषारी वायूंचे निर्विष वायूंत रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी ठरतो, कारण तो हवा व पेट्रोल यांच्या ठराविक प्रमाणावरच नीट काम करतो.

पाण्याच्या वाफेचा दावा पडताळण्यास अलिबागकरांनी कोणत्याही प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही, कारण समुद्रकाठची हवा तो प्रयोग दर पावसाळ्यात आपण होऊन करीत असते. आषाढ-श्रावणात येथील दर घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. वर सांगितल्याप्रमाणे लिटरभर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरांहून अधिक, म्हणजे नऊ घनमीटरांहून अधिक हवा इंजिनात जाते. अर्थात प्रत्येक लिटराबरोबर २०० ग्रॅमहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने इंजिन विनामूल्य पीत असते. एवढ्या पाण्याने तीस टक्के बचत होत असती तर पावसाळ्यात अलिबागच्या गाड्या आणि उन्हाळ्यात देशावरच्या कोरड्या हवेत धावणाऱ्या गाड्या यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक दिसला असता, आणि तसा तो कोणाच्याही अनुभवास येत नाही. पाण्याचा फवारा सर्वस्वी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ करू नये. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत तो मोठ्या दाबाखाली मिश्रण अवेळी पेटू नये म्हणून यशस्वीपणे वापरला गेला. परंतु तेथे हेतू क्षणिक अधिक शक्ती मिळविण्याचा होता, पेट्रोल वाचविण्याचा नव्हता.

हायड्रोजनच्या पेटीचे समर्थन करणारे सांगतात की पाण्यापासून इंधन फुकट मिळते. पाणी फुकट असेल, पण त्याचे विघटन करणारी वीज फुकट नसते. ती गाडीचा आल्टर्नेटर निर्माण करतो, आल्टर्नेटर इंजिन फिरविते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. पेट्रोलच्या शंभर भागांतून इंजिनाच्या दांड्यावर पंचवीस भाग मिळतात. आल्टर्नेटर त्यांतील सुमारे साठ टक्के, म्हणजे पंधरा भाग, विजेच्या रूपाने देतो. विघटनाच्या पेटीतून त्यांपैकी नऊ-दहा भाग वायूत उतरतात, आणि तो वायू इंजिनात पुन्हा जळला की हाती येतात दोन-अडीच भाग. वाडीतल्या रहाटाने पाणी उपसून ते पाटाने पुन्हा त्याच विहिरीत सोडावे आणि पडत्या धारेवर रहाट फिरेल अशी आशा बाळगावी, त्यातलाच हा प्रकार होय. चकत्यांच्या भोवऱ्यासंबंधी अधिक लिहिण्याचे कारण नाही. थ्रॉटलच्या पडद्यावर आदळून व झडपेच्या अरुंद फटीतून वळून जाताना हवेचा तो भोवरा मोडून जातो आणि मार्गातील अडथळा तेवढा शिल्लक राहतो. दिवा लुकलुकविणाऱ्या डब्यांचा तर इंधनाच्या मापाशी संबंधच येत नाही.

चुंबकाविषयी मात्र अलिबागच्या भूमीवर अंमळ विस्ताराने बोलणे उचित ठरेल, कारण चुंबकत्वाच्या सूक्ष्म मापनाची या गावाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहाने वेधशाळेची नाजूक उपकरणे ढळतील हे ओळखून तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशिर मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय मापन अलिबागला हलविण्यात आले. येथील इमारतीत चुंबकावर परिणाम करील असे द्रव्य येऊ न देण्याची कसोशीने खबरदारी घेण्यात आली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे. अलिबाग येथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसपेक्षाही कमी भरते. त्याच्या वीस हजार पटींहून अधिक, म्हणजे एक टेस्ला इतके प्रबळ क्षेत्र पेट्रोलच्या नळीवर लावता आले असे क्षणभर मानू. पेट्रोल ज्या हायड्रोकार्बनांचे बनलेले आहे त्यांच्या रेणूंना लोहाप्रमाणे स्वतःचे चुंबकत्व नसतेच. ती द्रव्ये प्रतिचुंबकी असून चुंबकाला अत्यंत क्षीण असा विरोध तेवढा करतात. तरीही, एखाद्या रेणूस इलेक्ट्रॉनाएवढे चुंबकत्व आहे असे गृहीत धरले, तर एक टेस्लाच्या क्षेत्रात त्यास लाभणारी ऊर्जा ही नेहमीच्या तापमानास त्याच्या अंगी असलेल्या उष्णताजन्य चांचल्याच्या ऊर्जेच्या चारशेव्या भागाहूनही कमी भरते. ज्या द्रवाचे रेणू क्षणाच्या अब्जावधीव्या अंशात एकमेकांवर आदळून दिशा बदलतात, तो द्रव चुंबकाजवळून गेल्यावर रांगेत उभा राहील आणि ती रांग नळीतून, पंपातून व इंजेक्टरच्या छिद्रातून मार्ग काढीत ज्वालेपर्यंत टिकवून धरील, ही गोष्ट संभवत नाही.

इतके असूनही, उपकरण लावल्यावर आमच्या गाडीचा ॲव्हरेज खरोखर वाढला, असे शपथेवर सांगणारी प्रामाणिक माणसे आढळतात आणि त्यांना खोटे ठरविण्याचे प्रयोजन नाही. ज्या दिवशी उपकरण बसते त्याच दिवशी बहुधा प्लग साफ होतो, चाकांत हवा भरली जाते, धरून राहिलेला ब्रेक सैल केला जातो आणि साखळीला तेल मिळते. बचत या डागडुजीने होते व श्रेय उपकरणाच्या खात्यात जमा होते. शिवाय, पैसे खर्चून वस्तू आणल्यावर मालकाचे लक्ष काट्याकडे लागते. तो वेग आवरून चालवू लागतो, सिग्नलला इंजिन बंद करतो आणि उगाच रेस देत नाही. मापातली चूक तर याहून मोठी असते. अलिबागहून रेवदंड्यापर्यंतचा सुमारे १७ किलोमीटरचा रस्ता मोटारसायकलीने जाऊन-येऊन केला तर पेट्रोल लागेल पाऊण लिटरापेक्षा थोडे कमीच. टाकी काठोकाठ भरताना मोटारसायकल स्टँडवर किंचित कलती राहिली, किंवा पंपावरच्या माणसाने नळी थोडी आधी काढली, तर १०० मिलिलिटरांचा फरक सहज पडतो. सातशे मिलिलिटरांत शंभर मिलिलिटरांची चूक म्हणजे १४ टक्के, म्हणजे जाहिरातीतील बचतीचा आकडा जवळजवळ केवळ भरण्याच्या चुकीतून हाती येतो. त्यातच दुसऱ्या वाटेने गेल्यास कार्ले खिंडीसारखी चढण, परतीच्या वेळी समुद्रावरून येणारा वारा, मागे बसलेला सोबती आणि इंधनातील बदल यांची भर पडते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी असते, हेही तुलना करताना विसरून चालत नाही.

मग खरी परीक्षा कशी घ्यावी? याचा उत्तम वस्तुपाठ अलिबागच्या वेधशाळेनेच घालून दिला आहे. नवे ठिकाण मिळाले म्हणून जुने तत्काळ बंद करण्यात आले नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी नोंदी समांतर घेण्यात आल्या आणि दोहोंतील फरक निश्चित कळल्यावरच जुन्या जागेचा निरोप घेतला गेला. त्यामुळेच १८४१ पासूनची नोंद आजवर अखंड मानता येते. पेट्रोलच्या उपकरणासही हाच न्याय लावला पाहिजे. गाडीची सर्व डागडुजी आधी उरकून घ्यावी, मग उपकरणाशिवाय एक पूर्ण टाकी, उपकरणासह एक टाकी, पुन्हा त्याशिवाय एक आणि पुन्हा त्यासह एक, असा क्रम त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच पंपावर भरून पाळावा. शक्य असल्यास उपकरण जोडलेले आहे की नाही हे चालकास कळू देऊ नये. ते दुसऱ्याने जोडावे, काढावे आणि वहीत नमूद करून ठेवावे. चारही आकडे हाती आल्यावर उपकरणाच्या दोन टाक्या बाकीच्या दोहोंपेक्षा सातत्याने वरचढ ठरल्या तरच दाव्यात दम आहे असे म्हणता येईल, आणि तसे म्हणतानाही आणखी काही टाक्यांची साक्ष काढणे शहाणपणाचे होईल.

मोठ्या प्रमाणावर अशी परीक्षा झालेलीही आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत या उपकरणांचे पेव फुटले, तेव्हा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेवर त्यांच्या तपासणीची जबाबदारी कायद्याने टाकण्यात आली. संस्थेने शंभराहून अधिक उपकरणे पारखली. लक्षात येण्याजोगी बचत करणारे एकही त्यांत निघाले नाही, आणि ज्या थोड्यांनी किंचित फरक दाखविला त्यांतील काहींनी निकासातील प्रदूषण वाढविले. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था गाड्यांची व त्यांच्या सुट्या भागांची शास्त्रशुद्ध चाचणी करते. तेथे गाडी फिरत्या रुळांवर उभी करून, रस्त्याचा व वाऱ्याचा विरोध यंत्राने घालून, ठराविक वेगक्रमाने चालवितात व निकासवायू मोजून इंधनाचा हिशेब काढतात. जो विक्रेता तीस टक्के बचतीची ग्वाही देतो, त्याच्याकडे अशा चाचणीच्या अहवालाची मागणी करण्याचा ग्राहकास पुरता अधिकार आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातलेली आहे, हेही मालकाने जाणून असावे.

जोडणी म्हणून जे जे आहे ते सारेच व्यर्थ, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा आपल्या देशात कितीतरी बसगाड्यांच्या मागे कोळशाची उभी भट्टी जोडण्यात आली होती. मर्यादित हवेत कोळसा जाळून त्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण करावयाचा, तो निववून व गाळून इंजिनास पाजावयाचा, अशी ती योजना. या वायूत निम्म्याहून अधिक नायट्रोजन असल्याने इंजिनाचा जोर बराच घटे, चढणीवर गाडी धापा टाकी, आणि सकाळी निघण्यापूर्वी भट्टी पेटविण्यात वेळ जाई. पण पेट्रोल वाचविण्याचा तिचा दावा खरा होता, कारण ती पेट्रोलच्या जागी दुसरे जळण प्रत्यक्ष घालीत होती. आजचा सीएनजीचा संच त्याच मार्गाचा सुधारलेला प्रवासी होय. तो मान्यताप्राप्त असावा, मान्यताप्राप्त केंद्रात बसवावा आणि त्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी, एवढा शिरस्ता पाळला की त्यापासून होणारी बचत हिशेबात उतरते. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद करणारी व्यवस्था आणि ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेच्या रूपाने साठविणारी संकरित गाडी याही खऱ्याच सुधारणा आहेत. या सर्वांचे समान लक्षण असे की त्यांची कमाई जमाखर्चाच्या कोणत्या सदरातून आली हे बोट ठेवून दाखविता येते.

सामान्य गाडीवाल्यास याच सदरांतून घरबसल्याही पुष्कळ वाचविता येते. शनिवार-रविवारी वडखळच्या रस्त्यावर लागणाऱ्या वाहनांच्या रांगा आणि मांडव्याला रो-रो बोटीची वाट पाहत, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून उभ्या राहिलेल्या मोटारी यांत किती पेट्रोल जळते याचा विचार सहसा केला जात नाही. लहान मोटारीचे इंजिन जागच्या जागी तासभर चालले तरी अर्ध्या लिटराहून अधिक पेट्रोल संपते आणि गाडी एक वीतही पुढे सरकत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा एकसारखा वेग हा पेट्रोलच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त पडतो, असे पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना वर्षानुवर्षे सांगत आली आहे. चारही टायरांतील हवा एकेका पौंडाने उतरली की सुमारे ०.२ टक्के पेट्रोल जास्त लागते, असा अमेरिकेतील सरकारी अंदाज आहे. दहा पौंडांनी उतरलेल्या टायरांवर महिनोन्‌महिने फिरणाऱ्यास दोन टक्क्यांचा हा भुर्दंड नकळत पडत असतो. खाऱ्या हवेने विजेच्या जोडण्यांवर हिरवा थर चढतो, त्यामुळे ठिणगी दुर्बळ होते. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर तर एखाद्या गाडीचा खर्च कित्येक टक्क्यांनी वाढवून ठेवतो. हे सारे दोष गॅरेजात थोडक्या खर्चात निघतात आणि त्यांच्या दुरुस्तीचे फळ वहीत लिहून पडताळता येते.

तेल परदेशातून आणणाऱ्या आपल्या देशात पेट्रोल वाचविणे हे व्यक्तिगत हिताइतकेच सार्वजनिक कर्तव्य आहे, आणि म्हणूनच त्या कर्तव्याच्या नावावर चालणाऱ्या पोकळ विक्रीकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. चुंबकावर किंवा पेटीवर गेलेले हजार-दोन हजार रुपये एकदाच जातात. परंतु उपकरण लावले आहे या समाधानात ज्याने टायर, प्लग व वेग यांकडे पाठ फिरविली त्याचे नुकसान रोज होत राहते. दावा ऐकला की ही बचत कोणत्या सदरातून होणार हे विचारावे, उत्तर मिळाल्यास समांतर चाचणीचे आकडे मागावेत, आणि दोन्ही न मिळाल्यास तोच पैसा विश्वासू मिस्त्रीच्या हातून गाडीच्या डागडुजीवर खर्च करावा. कारकुनापासून बागाईतदारापर्यंत प्रत्येकाने एवढा शिरस्ता पाळला, तर या व्यापाराला ग्राहक उरणार नाही आणि वाचलेले प्रत्येक लिटर कागदावर मोजून दाखविता येईल.